डावीकडे वळताना

१

म्हातारा स्वतःच्याच घराच्या फाटकापाशी, उजव्या खांबाला लागून उभा होता आणि उभ्याउभ्या चिरडला गेला. संध्याकाळी सहाला, लख्ख उजेडात. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याएवढाही नव्हता. गाडी चालवत होती त्याची सून.

दुसऱ्या दिवशी फौजदार फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "बाई, एवढी एक सही मारा. केस सरळ आहे. सुनेनं कबूल केलंय."

सरळ केस म्हटलं की माझं डोकं उठतं. मी वाहन निरीक्षक. अपघातातली गाडी तपासायची आणि दोष गाडीचा की माणसाचा ते एका पानात लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. पण ते मी एकोणतीस वर्षं करतेय आणि गाड्यांखाली सरपटून माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. नुसता आवाज ऐकून बिघाड सांगते म्हणून हे लोक मला तोंडावर 'कानवाल्या बाई' म्हणतात. माघारी काय म्हणतात ते त्यांचं त्यांना माहीत.

मी फाइल उघडली. सुनेचा जबाब पाच ओळींचा होता. 'गेले अकरा दिवस गाडी हळू वळवताना मला आवाज येत होता. तो दुसऱ्या कुणालाही ऐकू येत नव्हता. मला भास होतात. काल फाटकात वळताना मी नेमकं काय केलं ते मला सांगता येत नाही. चूक माझीच असेल.'

त्यामागे आणखी एक कागद टाचला होता. आईचं मन थाऱ्यावर नाही, सबब आठ वर्षांच्या मुलीचा ताबा आई आपण होऊन वडिलांकडे आणि आजीकडे देत आहे. त्यावर सोमवारी सही व्हायची होती.

"हे कुणी लिहून आणलं?"

"नवऱ्यानं. फार समजूतदार माणूस आहे हो बिचारा."

"फारच," मी म्हटलं. "बाप जाऊन एक दिवस झाला नाही आणि कागद टाइप करून तयार! गाडी कुठाय?"

गाडी ठाण्याच्या मागच्या अंगणात होती. पुढचं उजवं चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडलं होतं. फौजदाराला वाटत होतं की खांबावर आदळल्यामुळे ते मोडलं. मी चटई टाकली, गुडघ्यांना दोन शिव्या घातल्या आणि खाली शिरले.

चाक ज्या सांध्यावर वळतं त्या बॉल जॉइंटला तीन बोल्ट असतात. त्यांनीच तो खालच्या आर्मला, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याला, आवळलेला असतो. इथं एक बोल्ट गायब होता, एक मोडला होता, एक वाकला होता. पण उरलेल्या दोघांवरचे नट शाबूत होते आणि दोन्ही नटांवर हिरव्या रंगाची बारीक रेघ होती. नीटनेटके मिस्त्री नट आवळून झाला की अशी रेघ मारतात, नटावरून निघून खालच्या आर्मवर उतरणारी. नट पुढे जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते. पाना न लावता, नुसतं बघून कळतं की नट जागेवर आहे की नाही.

दोन्ही रेघा सरळ होत्या, कुठेही तुटलेल्या नव्हत्या. मी सहज एका नटाला बोट लावलं आणि तो बोटानं फिरला.

२

गॅरेजमध्ये त्या मिस्त्रीला सगळे 'रेघोट्या' म्हणत. पन्नाशीचा, हडकुळा, बोलताना जमिनीकडे बघणारा माणूस. महिन्यापूर्वी तो जॉइंट त्यानंच बदलला होता. मालक शेजारी उभा राहून दात-ओठ खात होता.

"याला आजच घालवतो," मालक म्हणाला. "नट न आवळताच रेघ मारली यानं. सवयीनं हात गेला असणार."

रेघोट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो साहेब. आईशप्पत आवळले होते."

"रडू नकोस," मी म्हटलं. "रडून नट घट्ट होत नाहीत. रंग कुठला वापरतोस?"

त्यानं एक डबी दाखवली. दोन रंग मिसळून त्यानं स्वतःच केलेला हिरवा. असा रंग दुसऱ्या कुणाकडे नव्हता आणि डबी कायम त्याच्या खिशात असायची.

"ती बाई आवाजाची तक्रार घेऊन आली होती?"

"आली होती. अपघाताच्या आधीच्या शनिवारी. म्हणाली, हळू वळवताना टक्-टक् होतं. मी गाडी वर घेतली, बॅटरी मारून रेघा बघितल्या. सगळ्या सरळ होत्या. मग ट्रायल घेतली, तीन चकरा. काहीही आवाज नाही. बाईंना शेजारी बसवून आणखी दोन मारल्या. त्यांनाही ऐकू आला नाही. तशा त्या एकदम गप्पच झाल्या." त्यानं डबी परत खिशात घातली. "म्हणाल्या, माझंच काहीतरी चुकतंय. मी कार्डावर लिहिलं, आवाज नाही."

"पाना लावून बघितलास?"

"रेघ सरळ असल्यावर पाना कशाला लावायचा, बाई?"

घ्या! वीस वर्षं नट आवळून माणूस नटाकडे बघायचंच विसरला होता. बघत होता तो फक्त रेघेकडे.

"चकरा कुठं मारल्यास?"

"इथंच. शेडभोवती."

मी बाहेर आले. शेडभोवती जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता आणि भिंतीवर हा मोठा बाण. समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं, असा मालकाचा नियम होता. मी तिथं उभी राहून एका गाडीची पूर्ण फेरी बघितली. चार कोपरे, चार वळणं आणि चारही उजवीकडे.

"रेघोट्या," मी हाक मारली, "गाडी डावीकडे वळवून बघितलीस का रे एकदा तरी?"

त्यानं बाणाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "एकदाही नाही, बाई."

३

घराचं फाटक रस्त्याच्या डाव्या हाताला होतं, समोर छोटा चढ. म्हणजे रोज संध्याकाळी सुनेला गाडी अगदी हळू करून पुरी डावीकडे वळवावी लागे आणि चढासाठी ॲक्सिलरेटरवर थोडा पाय द्यावा लागे. अशा वळणात सगळा भार उजव्या चाकावर येतो. सांधा सुटला की गाडी उजवीकडे ओढली जाणार. म्हातारा उभा होता तो उजव्याच खांबापाशी.

नवऱ्यानं दार उघडलं. चष्म्याच्या दुकानात नोकरी, हात मऊ, बोलणं त्याहून मऊ. "या ना. पाणी आणू? माझ्या बायकोला दोष देऊ नका हो. ती आजारी आहे."

"तुम्ही बसला होतात तिच्या गाडीत, तो आवाज सुरू झाल्यावर?"

"एकदा. मुद्दाम तिच्या समाधानासाठी. फाटकात वळलो, ती म्हणाली, ऐकलंस? मी म्हटलं, काय ऐकू? काहीच नव्हतं. मग मीच तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान उत्तम निघाले. त्यांनीच मनाच्या डॉक्टरचं नाव दिलं. गोळ्या सुरू केल्या." त्यानं सुस्कारा सोडला. "आम्ही सगळे उपाय केले."

सासू पलंगाच्या कडेवर बसली होती. मी विचारलं, "फाटक रोज तुमचे यजमानच उघडायचे का?"

"छे! ते माझं काम. हॉर्न वाजला की मीच जायची. हे खुर्चीतून हलतील तर शपथ. पण गेला आठवडाभर म्हणाले, तू बस, मी उघडतो. हॉर्नच्या आधीच जाऊन उभे राहायचे, खांबाला पाठ लावून."

"का?"

"मला काय कळतं त्यातलं," ती म्हणाली आणि पदराचं टोक पिळू लागली.

म्हातारा निवृत्त फिटर होता. चौतीस वर्षं एकाच कारखान्यात, असं नवऱ्यानं अभिमानानं सांगितलं. सुनेशी त्याचं पटत नसे हे शेजाऱ्यांकडून आधीच कळलं होतं. सुनेनं स्वतःच्या कमाईनं गाडी घेतली तेव्हापासून तर म्हातारा तिच्याशी सरळ बोलतच नव्हता.

मी निघाले. फाटकापाशी जरा टेकले, गुडघा चोळायला. खाली वाकल्यामुळे बिजागऱ्यांचे बोल्ट डोळ्यांसमोर आले. सहाही नटांवर लाल रंगाची रेघ होती, नटावरून निघून पट्टीवर उतरलेली. मी अंगणातल्या पाण्याच्या पंपापाशी गेले. त्याच्या चारही नटांवर तशीच लाल रेघ होती.

४

सून कोठडीत भिंतीशी बसली होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती काम करायची, सकाळी सहाची पाळी, सुटायला संध्याकाळ व्हायची. गावाच्या त्या टोकाला तेवढ्या पहाटे दुसरं काही वाहन जात नाही. म्हणून गाडी.

"आवाज कसा होता, सांग."

"नव्हताच तो, बाई."

"मी विचारलं कसा होता."

तिनं डोळे मिटले. मग जीभ टाळूला लावून सोडली. टक्. थोडं थांबून पुन्हा. टक्. "पायाखाली लागायचा. उजव्या बाजूला. गाडी फक्त हळू असताना आणि चाक पुरतं वळवल्यावर. वेग घेतला की बंद."

अहो, एकोणतीस वर्षांत मी मिस्त्र्यांकडून इतकं अचूक वर्णन ऐकलं नव्हतं. आणि या बाईला वेडी ठरवून गोळ्या चारत होते!

"फक्त डावीकडे?"

ती दचकली. "हो. सगळे वळण म्हणायचे, डावं-उजवं कुणी विचारलंच नाही."

"सासरे गाडीत बसायचे?"

"रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत. तिथून ते फिरायला जायचे. पण आवाज सुरू झाला त्या सोमवारपासून बंद केलं. म्हणाले, आता घरापासूनच चालतो."

"आणि मुलगी?"

"पाळी बदलून मिळायची त्या दिवशी तिला मी शाळेत सोडायची. तिला पण त्याच सोमवारपासून शाळेची बस लावली. नवऱ्यानंच लावली." ती एकदम रडायला लागली. "बरंच झालं ना? माझ्यासारखीच्या गाडीत ती नकोच. मी सोमवारी सही करते. ती त्यांच्याकडेच सुखी राहील. मी उद्या तिलाही चिरडलं असतं."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही, मला ते जमत नाही. मी विचारलं, "बस सोमवारी सुरू झाली. मग अर्ज कधी भरला?"

"शनिवारी," ती डोळे पुसत म्हणाली.

शनिवारी! म्हणजे आवाज सुरू व्हायच्या दोन दिवस आधी.

५

सोमवारी सकाळी मी सगळ्यांना आमच्या चाचणीच्या मैदानावर बोलावलं. नवरा, सासू, फौजदार, रेघोट्या आणि बंदोबस्तात सून. मैदानात तशीच एक गाडी उभी होती. रेघोट्यानं तिच्या उजव्या चाकाचे तिन्ही नट माझ्यासमोर ढिले केले होते आणि सांधा सुटू नये म्हणून आर्मला साखळी बांधली होती.

"फौजदार, गॅरेजच्या मालकाचं म्हणणं होतं, मिस्त्रीनं नट न आवळताच रेघ मारली. तसं असतं तर रंग नटाच्या खालच्या फटीत, आट्यांवर ओघळला असता. मी भिंगातून बघितलं. दोन्ही बोल्टांचे उघडे आटे कोरे आहेत. रेघ मारली तेव्हा नट घट्ट होता."

"मग हादऱ्यांनी सुटला असेल."

"हादऱ्यांनी सुटलेला नट कुठंही थांबतो. हे दोन्ही नट बरोबर चार फेरे उलटे फिरून रेघेला रेघ लावून थांबलेत. दोन्ही! नटांना एवढी शिस्त नसते. कुणीतरी फेरे मोजून सोडवले, रेघ सरळ दिसावी म्हणून."

रेघोट्याचा चेहरा उतरला. मालकाला काय, त्याला घालवायला आणखी एक कारण मिळालं असतं.

"मिस्त्रीनं नाही," मी म्हटलं. "त्याच्या खिशात रंगाची डबी होती. त्यानं नट सोडवून नवी रेघ मारली असती, त्याला फेरे मोजायची गरजच काय? फेरे तोच मोजेल, ज्याला रेघेचा अर्थ कळतो पण ज्याच्याकडे हा हिरवा रंग नाही. सुनेला कळत नाही. या चष्मेवाल्या साहेबांनी जन्मात पाना धरलेला नाही. ज्यानं घरच्या फाटकाला आणि पंपाला लाल रेघा मारल्या, ज्यानं चौतीस वर्षं कारखान्यात तेच केलं, ज्यानं त्या सोमवारपासून गाडीत पाय ठेवला नाही, त्याला कळत होतं. आणि जो रोज संध्याकाळी बायकोला बसवून स्वतः खांबाला पाठ लावून उभा राहायचा, आपल्या हातचा आवाज नीट होतोय का ते ऐकायला."

सासूनं तोंडात पदर कोंबला.

"बाबांनी?" नवरा म्हणाला. "बाबा असं करतील? देवा!"

"या, बसा गाडीत. माझ्या शेजारी."

मी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि स्टिअरिंग पुरतं डावीकडे मारलं. टक्. टक्. टक्. हातोडीनं पत्रा ठोकावा तसा. मैदानाच्या कडेला उभ्या फौजदारानं वळून बघितलं. मी थांबले.

"हा आवाज तुम्हाला ऐकू आला नाही? ती शेजारी बसून 'ऐकलंस?' म्हणाली तेव्हा?"

त्यानं तोंड काचेकडे फिरवलं.

"कानाच्या डॉक्टरकडे तिच्यासोबत बसलात, तेव्हाही गप्पच होतात. आणि मुलीच्या बसचा अर्ज तुम्ही शनिवारी भरलात. नट सुटले रविवारी, तुम्ही घरी असताना. साहेब, आवाजाच्या आधीच तुम्हाला आवाज ठाऊक होता."

 मग ते मऊ बोलणं बाहेर आलं. "जिवाला काही होणार नाही म्हणाले होते बाबा. नुसता आवाज होईल. दोन आठवडे कुणी हूं की चूं करायचं नाही, ती घाबरून गाडी सोडेल. गाडी सुटली की नोकरी सुटेल. घरी राहील. सगळं सुरळीत होईल. कुणाला मारायचं नव्हतं हो."

"जिवाला काही होणार नव्हतं, तर मुलीला बसमध्ये का घातलंत?"

 उत्तर बाहेरून आलं. सासू खिडकीशी येऊन उभी होती. "मीच म्हटलं ह्यांना," ती पुटपुटली. "पोरीला तेवढी बाजूला काढा, मग काय करायचं ते करा."

६

सून चार पावलांवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडेल, किंचाळेल, सासूच्या अंगावर जाईल, असं मला वाटलं. तिनं फक्त मला विचारलं, "म्हणजे आवाज होता?"

"होता."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. आणि या दोघांना तो ऐकू येत होता."

ती माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि हात पुढे केला. "उतरा."

नवरा उतरायला लागला. "तू बस," ती म्हणाली. त्यानं फौजदाराकडे बघितलं आणि फौजदारानं माझ्याकडे. मी नाही म्हणायला हवं होतं. गाडीचा सांधा ढिला, आत गोळ्यांनी अर्धवट झोपेत असलेली बाई. नियमानं मी तिला गाडीला हातही लावू द्यायला नको होता. मी उतरले आणि तिला जागा दिली.

तिनं गाडी डावीकडे घातली. अगदी हळू, पायी चालणारा पुढे जाईल अशी. टक्. टक्. काचा खाली होत्या, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"ऐकू येतंय?"

"हो," नवरा म्हणाला.

एक फेरी झाली. ती थांबली नाही, स्टिअरिंगही सोडलं नाही.

"ऐकू येतंय?"

"हो. अगं, मी सांगतोय ना, हो!"

"मोठ्यानं."

तिसरी, चौथी, पाचवी फेरी. प्रत्येक फेरीला तोच प्रश्न, त्याच आवाजात. सहाव्या फेरीला तो रडत होता. त्यानं हँडब्रेककडे हात नेला, तिनं तो झटकून टाकला. "बाबांनी किती फेरे सोडवले होते?" तिनं विचारलं. "चार? मग घाबरू नकोस. जिवाला काही होत नाही."

रेघोट्या माझ्या कानाशी आला. "बाई, थांबवा. नट उतरतायत." मला काय सांगतोस? टक् आणि टक् यांतलं अंतर कमी होत चाललं होतं, ते मला डोळे मिटूनही कळत होतं. साखळी होती खरी, पण साखळीच्या भरवशावर मी एका फेरीपलीकडे कुणाला गाडीत बसू दिलं नसतं. सासू माझ्या पायाशी बसून हात जोडत होती, एवढा एकच राहिलाय हो मला, म्हणत होती.

"तिला मी थांबवणार नाही," मी म्हटलं. मला त्याची कीव आली नाही. आजही येत नाही.

अकराव्या फेरीनंतर सुनेनं गाडी फौजदारासमोर आणून उभी केली आणि इंजिन बंद केलं. नवऱ्याच्या शर्टावर उलटी झाली होती.

"कागद आणा," ती म्हणाली. "लिहा. आवाज आहे. यांना पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता. मुलीला आधी बाजूला काढलं, मला नाही. पुढे लिहा, मुलगी आईकडे राहील."

फौजदारानं मुकाट्यानं लिहिलं. कागद खिडकीतून आत गेला. नवऱ्यानं सही केली, पण इतकी घाईघाईनं की अक्षर लागेना. तिनं ते बघितलं, कागद परत त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याला पुन्हा सही करायला लावली. दुसरी सही तिनं दोनदा वाचून बघितली. मग गाडीतून उतरून तिनं फौजदाराला विचारलं, "आता मी जाऊ शकते ना?" त्यानं मान हलवली. तिनं सासूकडे ढुंकूनही बघितलं नाही. एक वाजता शाळा सुटायची होती आणि ती मुलीला आणायला गेली.